कोऱ्या ओळीचा रंग

कालेता रुकाल्कोच्या समोर, नऊ मैलांवर
एक पिवळा बोया आहे. होता.
दर अर्ध्या तासाला तीन आकडे पाठवायचा:
लाट किती उंच, कुठल्या दिशेची,
आणि एकीमागून दुसरी यायला किती सेकंद.
कधी त्याच्यावर समुद्रसिंह चढून झोपायचा,
मग आकडे एका अंगाला कलायचे
आणि मी नगरपालिकेच्या पत्र्याच्या खोलीत
एकटीच हसायचे.

लोकांना वाटतं, उंचीला भ्यावं.
भ्यायचं ते सेकंदांना.
नऊ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याची कटकट,
येईल, आदळआपट करेल, जाईल.
अठरा सेकंद म्हणजे
दूर दक्षिणेत, बर्फाच्या कडेला, परवा कधीतरी वादळ झालंय
आणि ते चालत निघालंय, कसलीही घाई नसल्यासारखं,
वरती लख्ख ऊन असताना.

त्या उन्हाशीच माझं भांडण.
गाडीवर भोंगा लावून फिरले की
पोरं आभाळाकडे बोट दाखवायची.
नोल्बेर्तो जाळं सांधता सांधता म्हणायचा,
"ओंदिना, तुझ्या यंत्राला ताप आलाय."

तरी आराखडा त्या यंत्राच्याच जिवावर केलेला,
भिंतीवर टाचलेला, कॉफीचे डाग पडलेला.
साडेतीन मीटर, चौदा सेकंद: होड्या वर ओढायच्या,
बैलजोडी सोतोंकडून, आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं.
साडेचार, सोळा: किनाऱ्याचा रस्ता बंद, शाळा सुटली.
त्याहून जास्त: इस्मेनियाबाईंना खुर्चीसकट उचलायचं.
चार माणसं लागतात. पाचवा कोंबड्यांसाठी,
कोंबड्या आधी गेल्याशिवाय त्या हलत नाहीत.

ऑगस्ट. ऐन हिवाळा.
दोन वाजताची ओळ आली. अडीचची कोरी.
तीनची कोरी.
मी तारा हलवून पाहिल्या, राजधानीला फोन लावला,
तिकडचा मुलगा जांभई देत म्हणाला, सकाळी बघू.
साडेतीनची कोरी ओळ मी
"शांत" अशी वाचली.
झोप आली होती,
आणि कोऱ्या जागेत माणूस
आपल्याला हवं तेच वाचतो.

सकाळी सातला, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं,
समुद्र रस्त्यावर आला.
अकरा होड्या. मासळीची शेड. नोल्बेर्तोचा उजवा पाय.
इस्मेनियाबाई वाचल्या, शेजाऱ्याच्या पाठीवर. कोंबड्या नाही.
मला कोणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी एलेउतेरियो आला,
टोपी हातात, उंबऱ्याच्या बाहेरच.
म्हणाला, बोयाच्या सावलीला मासा जमतो.
म्हणाला, सहा महिने होडी मी त्यालाच बांधत होतो.
त्या रात्री पाणी फुगायला लागलं, साखळी ताणली, तुटली,
आणि तो दिवा लुकलुकवत अंधारात निघून गेला.
"घरी येऊन झोपलो," तो म्हणाला.
"म्हणजे, झोपलो नाही."

शिव्या तोंडावर आल्या होत्या.
पण माझ्या वहीत
दहा कोऱ्या ओळी होत्या, माझ्याच अक्षराने वेळ घातलेल्या.

नवा बोया चौदा महिन्यांनी येणार, असं पत्र आहे.
आराखड्यात मी एकच वाक्य वाढवलं, लाल शाईने:
आकडा आला नाही तर सर्वांत मोठा धरावा.
मग दोनदा उगाच बैल आणले, दोनदा शाळा उगाच सुटली,
सोतो भाडं मागायला लागलेत,
पोरं मात्र आता आभाळाकडे बोट दाखवत नाहीत.

एलेउतेरियो रोज पहाटे कड्यावर जातो,
बायकोचं घड्याळ मनगटाला, पट्टा शेवटच्या भोकात.
कोणी सांगितलं नाही त्याला. मीही नाही.
आज फोन आला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला,
मग तो: "तेरा."
मग: "थांब. पुन्हा मोजतो."

मी पेन्सिल टेकवून थांबले.
खालच्या वाडग्यात सोतोंचा एक बैल
उठून उभा राहिला होता.